कुंडीचा उपास

चातुर्मास संपतो, तुळशीची लग्नं लागतात आणि घरोघरचे उपास सुटतात. आमच्या गॅलरीत मात्र नेमका तेव्हा एका कुंडीचा उपास सुरू होतो. कार्तिकातली पौर्णिमा झाली की मी झारी घेऊन निघते. कढीपत्ता, मोगरा, कोरफड, गवती चहाचं माजलेलं बेट, सगळ्यांना पोटभर पाजत पाजत पूर्वेच्या टोकाला येते आणि तिथल्या एका कुंडीपाशी झारी सरळ करून मागे फिरते. त्या कुंडीतली लांब पट्टीसारखी पानं तोवर हिरवीगार असतात. आपलं पाणी तुटलं आहे याची त्यांना काही कल्पना नसते. यंदाही काल तसंच केलं. आतून अण्णांनी विचारलं, बंद केलंस का? मी म्हटलं, केलं. ते "हौ" म्हणाले आणि पुन्हा रेडिओकडे वळले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. हैदराबादेत, काचीगुड्याच्या या तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो: ते, त्यांचा मुलगा सुधीर आणि मी. अण्णांचं गाव उदगीरकडचं. शाळा निम्मी उर्दूत, निम्मी मराठीत झाली, नोकरी सगळी रेल्वेच्या बुकिंग खिडकीमागे. मी पुण्याची. लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्या पुणेरी मराठीला हे घर मनातल्या मनात हसत असे आणि मी त्यांच्या "नक्को"ला. आता पुण्याला गेले की भाऊच मला हसतो. मी त्याच्या बायकोला परवा म्हणाले, भात जरासाच वाढ, जास्त नक्को. ती बिचारी डाव हातात धरून बघत राहिली.

त्या कुंडीत आहे ती लिली. नर्सरीत तिला अ‍ॅमरिलिस म्हणतात, पण एवढं लांब नाव रोज कोण घेणार. ती आमच्याकडे आली तेव्हा झाड नव्हतीच, नुसता कंद होती. निवृत्त झाल्यावर अण्णा अफझलगंजच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं वाचायला जात. एका दुपारी ते तिथून परतले ते पिशवीत एक भला थोरला कांदा घेऊन. कांदाच वाटला मला. तसाच गोल, तसंच वरचं कागदी तपकिरी साल. मी तो कांद्याच्या टोपलीत टाकणार एवढ्यात अण्णा म्हणाले, ते विलायती लिलीचं आहे, आणि खिशातून एक चुरगळलेलं चित्र काढलं. जाड हिरवा दांडा आणि त्यावर वाटीएवढी लाल फुलं. फुटपाथवरच्या विक्रेत्यानं शपथेवर सांगितलं होतं की उन्हाळ्याच्या तोंडावर अशी फुलं येणार म्हणजे येणार.

कंद लावला तो अण्णांनीच, आणि चांगला लावला. कुंडी मोठी घेतली नाही. कंदाला अंग चोरून बसायला आवडतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मान आणि खांदे मातीच्या वर ठेवले, खाली विटांचे तुकडे घातले, शेणखत बेताचं. पानं तरारून आली. पुढच्या वर्षी आणखी आली. त्याच्या पुढच्या वर्षी कंदाच्या कुशीत एक पिल्लू दिसलं. पण फूल म्हणून नाही. उन्हाळे आले आणि गेले. शेजारी विचारत, काय अण्णा, फूल कधी? अण्णा खिडकीमागच्या आवाजात सांगत, "लेट आहे. रद्द नाही झाली." काही वर्षांनी शेजाऱ्यांनी विचारणंही सोडलं. अण्णांनी मात्र ते चित्र देवघराच्या फळीवर उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवलं होतं, त्यावर राखेचे ठिपके पडले होते.

खरी गोष्ट अशी होती की अण्णांना तहानलेलं काही बघवत नाही. त्यांच्या लहानपणी गावात आड एकच, आणि तोही उन्हाळ्यात तळाला जाई. पाणी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, माणूस असो, गाय असो की चिमणी, हे त्यांच्या अंगात तेव्हापासून मुरलेलं. आमच्या दारात कुरिअरवाला आला तरी आधी त्याच्या हातात पाण्याचा पेला जातो आणि मग सही होते. त्यामुळे गॅलरीतल्या कुंड्यांची कशी चैन असेल बघा. पावसाळ्यातही अण्णा त्यांना पाणी घालत. मी म्हणायची, अण्णा, बाहेर धो धो पडतोय. ते म्हणायचे, गॅलरीला वर छत आहे, कोपऱ्यात पडतोय कुठं?

मग त्यांचे डोळे बिघडले. ते आम्हाला कळलं ते ताटावरून. अण्णांच्या ताटातली डावी बाजू तशीच राहू लागली. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं जिथल्या तिथं. मला वाटलं वयानं तिखट सोसत नसेल. एक दिवस तेच म्हणाले, तू चटणी करायचं बंद केलंस का गं? चटणी त्यांच्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हती. दुसऱ्या दिवशी सुधीर त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की नजर कडेकडेनं आत मिटत येते आणि मधलं तेवढं शेवटपर्यंत उरतं. वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्यातून पाहावं तसं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांवर जितकं टिकेल तितकं. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

 घरी आल्यावर अण्णांनी पाय धुतले, चहा घेतला, आणि मग ते गॅलरीत जाऊन लिलीच्या कुंडीपाशी उभे राहिले. मी मागे होते. "एवढं एक बघायचं होतं," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, हळहळही नव्हती फारशी. एखाद्यानं बाजारातून आणायचं राहिलेलं सामान आठवावं तसं ते म्हणाले. पण मला ते वाक्य लागलं. त्या दिवसापासून ती लिली माझ्यासाठी शोभेचं झाड राहिली नाही. अण्णांची नजर आणि ते फूल, दोघांत आधी काय येणार आणि काय जाणार, एवढाच प्रश्न उरला.

उत्तर आमच्या पायाखाली होतं, अक्षरशः. खालच्या मजल्यावर विजयालक्ष्मीगारू राहतात, शाळेत तेलुगू शिकवून निवृत्त झालेल्या; गारू म्हणजे तेलुगूतलं आदराचं 'बाई'. त्यांच्या गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात अशीच एक लिली आहे आणि ती दर वर्षी न चुकता फुलते. खताचं नाव नाही, निगेचं नाव नाही. अण्णांना हे सलत असे. झाडांकडे ढुंकून न बघणाऱ्या बाईच्या दारी फुलं आणि आपण रोज पाणी घालतो तर नुसता पाला, देवाकडे न्याय म्हणून काही आहे की नाही, असं ते म्हणायचे. त्या वर्षी दसऱ्यानंतर मी सरळ खाली जाऊन विचारलं, तुम्ही करता तरी काय? त्यांनी हात झटकले. "मैं क्या करती जी, कुछ नई करती. कार्तिक होते ही ताला डाल के बेटे के पास विशाखपट्टणम जाती. संक्रांत के बाद आ के देखे तो सूखा पड़ा रहता. पानी डाले तो फूल."

मी जिना चढता चढता थांबले. काहीच न करणं हीच करायची गोष्ट होती. नंतर इकडेतिकडे विचारलं, वाचलं, तर सगळे तेच सांगत होते. पावसाळाभर पानांनी कमवायचं, कंदात साठवायचं, मग थंडीत पाणी तोडायचं, पानं वाळू द्यायची आणि कंदाला निजू द्यायचं. नीज पुरी झाली की तो फूल वर काढतो. आमच्या कंदाला बिचाऱ्याला अण्णांनी इतक्या वर्षांत एकदाही डोळा लागू दिला नव्हता.

अण्णांना हे सांगणं सोपं नव्हतं. पाणी तोडायचं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाचं जेवण तोडायला निघाले आहे. मग म्हणाले, कांद्याचंही असंच असतं की. काढणीच्या आधी पाणी बंद करतात, माना पडू देतात, नाहीतर टिकत नाही. गावाकडे वडील करायचे. स्वतःलाच स्वतःचं पटल्यावर ते तयार झाले. शब्द दिला. कार्तिकी पौर्णिमेपासून लिलीला पाणी नाही.

हैदराबादची थंडी मला फार आवडते. तिच्यात ओल नसते. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं असतं, ओठ फुटतात, खोबरेल बाटलीत थिजून पांढरं होतं आणि ती बाटली गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवावी लागते. काचीगुड्याच्या गाड्यांची शिट्टी एरवी रहदारीत हरवते, थंडीत ती स्पष्ट ऐकू येते आणि अण्णा घड्याळाकडे न बघता सांगतात, ही अमुक गाडी, ही आज उशिरा. नारायणगुड्याच्या कोपऱ्यावर सीताफळांच्या गाड्या उठून बोरांच्या लागतात. त्या वर्षी मी नुकतीच नोकरीतून निवृत्त झाले होते, आणि अशी थंडी घरात बसून बघायला मिळण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. स्वेटर घालून, हातात चहा घेऊन मी रोज त्या कुंडीकडे बघायची. पानं कधी पिवळी पडतात याची एवढ्या आतुरतेनं वाट पाहणारी बाई अख्ख्या काचीगुड्यात दुसरी नसेल.

पानं पिवळी पडेनात. मार्गशीर्ष निम्मा सरला तरी हिरवी ती हिरवीच. उलट एक नवं पान फुटलं. मी सुधीरकडे संशयानं पाहिलं, सुधीरनं माझ्याकडे. मग आम्ही दोघांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा दुखावले. मी शब्द दिलाय, म्हणाले, झारीला हातसुद्धा लावला नाही. ते खोटं बोलत नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. माती चाचपली तर ओली लागली. सुधीर म्हणाला, दव असेल. हैदराबादेत, तिसऱ्या मजल्यावर, छताखाली दव! इंजिनियर माणूस, पण तेव्हा त्याला दुसरं काही सुचेना.

मग एका सकाळी मला लवकर जाग आली. सूर्य समोरच्या इमारतींच्या टाक्यांमागून नुकता वर येत होता. अण्णा अंघोळ करून, ओलं धोतर नेसून, तांब्या घेऊन गॅलरीत आले. पाऊल मोजत पूर्वेच्या टोकाला गेले, पायाचा अंगठा कुंडीला टेकवला, थांबले, दोन्ही हात उंच केले आणि सूर्याला अर्घ्य दिलं. तांब्यातली धार संथपणे, न तुटता, सरळ लिलीच्या कुंडीत पडत होती.

मला आठवलं. फार पूर्वी हे पाणी कठड्याबाहेर पडायचं आणि खाली विजयालक्ष्मीगारूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर जायचं. त्यांनी अगदी आदबीनं सांगितल्यावर अण्णांनी जागा बदलली होती. अर्घ्याचं पाणी मोरीत जाऊ नये, झाडाच्या मुळाशी जावं, म्हणून लिलीची कुंडी. तेव्हापासून रोज, बारा महिने.

मी जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "अण्णा, पाणी घालताय की."

"पाणी कुठंय? अर्घ्य आहे ते."

"कुंडीला काय कळतंय अण्णा, पाणी कुठलं आणि अर्घ्य कुठलं?"

ते रिकामा तांब्या हातात धरून उभे राहिले. मला वाटलं आता हसतील, कारण मला हसू आवरत नव्हतं. पण ते हसले नाहीत. वळून म्हणाले, "डोळ्यांसाठी घालतो गं मी ते."

माझं हसू गेलं. सूर्य डोळ्यांचा देव, हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या क्षणापर्यंत मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. नजर राहावी म्हणून हा माणूस रोज जे पाणी सोडत होता, त्याच पाण्यानं ते फूल अडून राहिलं होतं, जे त्याला नजर आहे तोवर बघायचं होतं. कुणाची चूक म्हणायची ही? झाडाची नाही, देवाची नाही, अण्णांची तर नाहीच. मला गलबलून आलं आणि मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

चहा पिताना मी सुचवलं की कुंडी दुसरीकडे हलवू. अण्णा नको म्हणाले. ती कुंडी आता त्यांची खूण होती. खाली बघून काही दिसत नव्हतं, गॅलरी ते पायांनी ओळखत, आणि अंगठा कुंडीला टेकला की कठडा आला असं समजत. मग मी म्हटलं, अर्घ्य तुळशीपाशी द्या, पण तुळस मागे स्वयंपाकघराच्या दारात, तिथून सूर्य दिसत नाही. मी आणखी काही सुचवणार तेवढ्यात त्यांनी हातानंच थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर कुंडीवर पसरट पितळी तसराळं आडवं ठेवलेलं. अर्घ्य त्यात पडलं. ते उचलून अण्णांनी चाचपडत कढीपत्त्याला नेऊन घातलं. मी दारात आहे हे त्यांना कळलं असावं. म्हणाले, सूर्यानं पाणी घेतलं वरच्यावर. खाली ते कुठं जातं याच्याशी त्याला काय करायचंय?

त्यानंतर खरा उपास सुरू झाला. पौषात पानांची टोकं पिवळी पडली, मग पिवळेपणा खाली उतरत गेला, आणि एकेक पान कुंडीच्या काठावरून बाहेर लोळू लागलं. मला आनंद होत होता आणि अण्णांना बघवत नव्हतं. सुरळीएवढ्या नजरेतही ते पिवळं नेमकं येत होतं. जेवताना पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी ते क्षणभर थांबत.  एकदा म्हणाले, झाडाला वाटत असेल, या म्हाताऱ्यानं आपल्याला टाकलं. मी म्हटलं, झाडाला वाटत असेल, चला, एकदाचं झोपू देतायत. त्यावर ते थोडं हसले.

आता इतक्या वर्षांनी या ऋतूचा सराव झाला आहे. पानं पूर्ण वाळली की मी ती हातानं अलगद ओढून काढते, बुडाशी पांढरा कापसासारखा किडा दडलेला नाही ना बघते, आणि कुंडी नुसती राहू देते. कोरड्या मातीत खांद्यापर्यंत रुतलेला तो कंद फार शांत दिसतो. मला तो बघून बरं वाटतं. आपण बायका घर, नोकरी, दुखणी-भाणी सगळीकडे सतत पाणी घालत फिरतो. कुठं तरी हात आवरायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी कुंडीकडून शिकले म्हटलं तर मैत्रिणी हसतात. हसू देत.

पण त्या पहिल्या वर्षी शांत कसलं वाटायला? संक्रांत आली. आभाळ पतंगांनी भरलं, आमच्या कठड्याला मांजा गुंडाळला गेला, तीळ भाजल्याचा वास जिन्यात उतरला. त्याच सुमारास अण्णांची तपासणी होती. ते यंत्रात डोकं घालून बसले आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं, तसं दाबत राहिले. मी बाहेरच्या बाकावर होते. बटणाचा आवाज मला ऐकू येत होता, आणि दोन आवाजांमधली शांतता फार मोठी होती. नजर आणखी आत आली होती. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. घरी आल्यावर मी पहिल्यांदा कंद दाबून पाहिला. साल सैल झाली होती, कंद थोडा आकसला होता. मऊ पडला असेल तर कुजला, संपलं. माझा अंगठा मला काही नक्की सांगेना. मी अण्णांना बोलावलं. ते उकिडवे बसले, कंदाची मान दोन बोटांत धरली, बाजार करताना कांदा बघतात तशी. "टणक आहे," म्हणाले. "जितं आहे. परेशान नको होऊस."

माघ सरत आला तेव्हा विजयालक्ष्मीगारू परतल्या. वर येऊन त्यांनी आमची वाळकी कुंडी पाहिली आणि समाधानानं मान डोलावली, जशी काही विद्यार्थ्याची वही तपासली. आणि एका सकाळी अर्घ्य झाल्यावर अण्णांनी मला हाक मारली. तसराळं उचलताना त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं होतं. मी पाहिलं. कंदाच्या मानेशेजारी, मध्यावर नाही, जरा बाजूला, एक हिरवट-लालसर टोक वर आलं होतं, नखाएवढं. पान की कळी? मी फोन काढून त्याचा फोटो मोठा करून बघू लागले. अण्णांनी तोवर ते बोटांच्या चिमटीत हलकेच धरलं होतं.

"पान नव्हे," ते म्हणाले. "पान पातळ असतं. हे भरीव आहे."

त्या दिवशी लिलीचा उपास सुटला. अण्णांनी पाणी घातलं, अर्ध्या तांब्याहून कमी, आणि घालताना मला दोनदा विचारलं, पुरे का? इतकं बेतानं पाणी घालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग दांडा वर येऊ लागला. पान एकही नाही, नुसता दांडा, पोकळ, जाड, आणि डोक्यावर बंद चोच. तो उजेडाकडे झुके, म्हणून कुंडी रोज थोडी फिरवायची. अण्णांची खूण हलू नये म्हणून जागच्या जागीच. मी त्याला शिवणाची लाकडी पट्टी आधाराला बांधली. फाल्गुन लागला तसं ऊन तापलं. खालच्या रस्त्यावरच्या कडुनिंबाला मोहर आला आणि त्याचा कडसर गोड वास दुपारी घरात भरू लागला. मला धास्ती होती ती झळांची. कळी उमलायच्या आधीच करपली तर? मी कठड्याला जुनी साडी बांधून आडोसा केला. सुधीर म्हणाला, बाळंतिणीची खोली केलीस गॅलरीची. ऑफिसातून आला की तोसुद्धा बूट न काढता आधी तिथंच जात होता, ते मी त्याला बोलून दाखवलं नाही.

चोच उकलली. आतून चार कळ्या बाहेर आल्या आणि माना खाली घालून राहिल्या. पाडव्याच्या दोन-तीन दिवस आधीच्या सकाळी मी दार उघडलं तर चारही फुलं उमललेली. लाल, इतकी लाल की साडीच्या आडोशाला त्यांचा रंग चढला होता. मी सुधीरला उठवलं, विजयालक्ष्मीगारूंना वर बोलावलं, पुण्याला भावाला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं की आलं, लाल भडक आलं, चित्रातल्यासारखं. फोटो काढले. अण्णांची अंघोळ व्हायची होती. ते आत होते आणि बाहेरचा गलका ऐकत होते.

खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली. अण्णा फार सभ्य आहेत. कुणी फोनवर नातवंडांचे फोटो दाखवले तर ते त्या दिशेला तोंड करून म्हणतात, छान आहे. दिसलेलं नसतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात. आजही त्यांनी बाहेर येऊन तसंच "छान आहे" म्हटलं तर मला ते कळणार होतं, आणि मला ते कळलंय हे त्यांनाही. मी देवघरातला पाट कुंडीसमोर मांडला आणि सगळ्यांना जरा मागे व्हायला सांगितलं.

अण्णा आले. अंगठ्यानं कुंडी शोधली आणि पाटावर बसले. मान थोडी उजवीकडे नेली, परत आणली, थोडी खाली केली. एखादी वस्तू त्या सुरळीत सापडेपर्यंत ते असंच करतात. मग मान थांबली. फुलं चार दिशांना तोंड करून होती, पण अण्णांपुढे एका वेळी एकच. त्यांनी हात लावला नाही, नुसते बघत राहिले. इतका वेळ ते बसले की विजयालक्ष्मीगारूंनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, कुंडी फिरवू का अण्णा, बाकीची पण दिसतील.

"थांब. हे अजून झालं नाही."

आम्ही थांबलो. खाली एक बस गेली. 

"आत हिरवं आहे गं," अण्णा म्हणाले.

मी पाहिलं, सगळं लालच होतं. मी म्हटलं, "अण्णा, पानं अजून यायचीत. नुसतं फूलच आहे."

"पान नव्हे. फुलात. खाली आत, पाकळ्या जुळतात तिथं. बारीक चांदणी आहे हिरवी."

मी त्यांच्या खांद्याशी वाकले आणि त्यांच्या नजरेच्या रेषेत डोळे नेले. लाल पाकळ्यांच्या तळाशी, जिथं रंग संपत जातो तिथं, कोवळ्या पोपटी रंगाची एक चांदणी होती. मी दार उघडल्यापासून ते फूल बघत होते, चार जणांना दाखवून झालं होतं, फोनमध्ये त्याचे ढीगभर फोटो होते, आणि ती मला दिसली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण आता कडेचं अण्णांना काही दिसत नव्हतं.

"आता फिरव," ते म्हणाले. "दुसऱ्यात आहे का बघू."